वाळूखालची पायरी

ह्यूस्टनमध्ये बांधकाम अभियंता म्हणून काम करत असल्याने गॅल्व्हस्टन बेटावरची जुनी घरे तपासायला मी वरचेवर जातो. बेट म्हणजे टेक्ससच्या किनाऱ्याला समांतर पडलेली सुमारे ४३ किलोमीटर लांबीची वाळूची पट्टी. पुढे मेक्सिकोच्या आखाताचा समुद्र, मागे खाडी. माझे आजोळ मालवणजवळच्या देवबागचे, कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यावरचे. त्यामुळे अशा जागी माणसे का राहतात, असे तिथे कोणाला विचारण्याची मला कधी गरज वाटली नव्हती.

त्या दिवशी पाहायचे होते ते १९०० च्या वादळातून वाचलेले एक लाकडी घर. जेवणाच्या खोलीत ठेवलेली गोटी आपोआप भिंतीकडे घरंगळत होती. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. फळ्यांखालच्या पोकळीत मी सरपटत शिरलो, तेव्हा घर ज्या विटांच्या खांबांवर उभे होते त्यांतल्या एकाने लक्ष वेधले : वरच्या विटा एका जातीच्या, खालच्या दुसऱ्या. बाहेरच्या बाजूने खांबालगत खड्डा घेतला. तीन फुटांपर्यंत शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली करडी वाळू लागली, मग एकदम काळसर माती, आणि त्या मातीवर टेकलेली विटांची एक पायरी, मधोमध झिजलेली.

हे गाव उचललेले आहे हे मी वाचून जाणत होतो. पण ती झीज पाहून ते पहिल्यांदा खरे वाटले. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात, ज्या शहराचा सर्वांत उंच भागही नऊ फुटांहून कमी होता, तिथे पंधरा फुटांहून उंच पाणी चढले आणि किमान सहा हजार माणसे गेली. समुद्राला भिंत घालण्याची गरज नाही, असे नऊ वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात लिहिणारे हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांची पत्नीही त्यांत होती. त्यानंतर १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीची भिंत उभी राहिली (तिची योजना आखणाऱ्या तिघांपैकी हेन्री रॉबर्ट हे सभा कशी चालवावी याचे नियम लिहिणारे गृहस्थ!) आणि १९११ पर्यंत भिंतीमागचे गावच वर उचलण्यात आले. दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रूच्या जॅकांवर चढवून त्यांच्याखाली वाळूमिश्रित पाणी नळांतून सोडले जाई. पाणी निथळून जाई आणि वाळू उरे. तीन हजार टनांचे सेंट पॅट्रिक चर्च सातशे जॅकांनी पाच फूट वर गेले. भराव सरकारी खर्चाचा, पण घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. लोक तेव्हा उंचावर टाकलेल्या फळ्यांवरून ये-जा करत.

भिंत १९१५ च्या वादळात टिकली. २००८ साली ‘आइक’ वादळाच्या वेळी मात्र पाणी पाठीमागच्या खाडीकडून आले, मालकीणबाईंच्या खालच्या खोल्यांत ते कमरेएवढे होते, आणि त्या खाऱ्या पाण्याने दारातला ओक वाळला. त्याच्या खोडात त्यांनी एक पाणकोळी कोरून घेतला आहे. विम्याचा हप्ता, दमट हवा आणि गंजणाऱ्या बिजागऱ्यांबद्दल त्यांनी मनसोक्त तक्रार केली, आणि दुसऱ्याच श्वासात, मुलगा ह्यूस्टनला बोलावतो, पण तिथे संध्याकाळी वाराच सुटत नाही, असेही सांगितले. माझी आजी हेच म्हणायची; तिला मालवणच्या बाजारपेठेतसुद्धा कोंडल्यासारखे होई.

खड्डा बुजवण्याआधी त्यांनी वाकून पायरी पाहिली आणि माझ्याकडून तिची लांबी-रुंदी लिहून घेतली. कोपऱ्यातला खांब खचला आहे, जॅक लावून घराची ती बाजू दोन इंच उचलावी लागेल, असे मी जरा जपूनच सांगितले.

“दोनच?” त्या म्हणाल्या, आणि कॉफी ठेवायला आत गेल्या.