ऐकतो, पण बोलत नाही

महापे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या गुरुवारी संध्याकाळी मी एकाच ओळीकडे बघत बसलो होतो: 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी तापमान नोंदवणारा डबा करत होतो. आत न्यूक्लिओ-१४४ हा तयार बोर्ड, त्यावर एसटीएम३२एफ४२९ ही प्रोसेसर चिप. सेन्सर वाचून झाले, स्क्रीन लागली, राहिलं होतं ते इथरनेट, म्हणजे केबलचं नेटवर्क. लॅपटॉपवरून पिंग केलं, 'आहेस का?' विचारलं, की बोर्डाचं उत्तर यायला हवं होतं, ते येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकराला डबा दाखवायचा होता.

गंमत म्हणजे केबल खोचली की जॅकवरचे दिवे लागत होते. दिवे लागले की हार्डवेअरवर कोण संशय घेतो? केबल बदलली, स्विच बदलला, लॅपटॉपची फायरवॉल बंद केली, आयपी तीनदा तपासला. खरं तर ते दिवे फाय चिपचे, म्हणजे केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या वेगळ्या चिपचे. समोरच्या स्विचशी वेग ठरवणं ती परस्पर उरकते, प्रोसेसर काय करतोय याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही.

साडेसातला डीबगर लावून काउंटर पाहिले आणि डोकं आणखीच फिरलं. 'हा पत्ता कोणाचा?' असं विचारणारे लॅपटॉपचे एआरपी संदेश बोर्डाला मिळत होते. बोर्ड उत्तरही देत होता, पाठवलेल्या फ्रेमचा, म्हणजे पॅकेटांचा, आकडा सेकंदासेकंदाला वाढत होता. लॅपटॉपवर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये मात्र बोर्डाकडून एक पॅकेट येईल तर शपथ.

लेआउट करणाऱ्या ताई पर्स अडकवून निघाल्याच होत्या. माझं रडगाणं त्यांनी उभ्याउभ्या ऐकलं.

"ऐकतोय पण बोलत नाही, असंच ना? मग टीएक्सच्या, पाठवायच्या पिना कुठे काढल्यास?"

"पिना वाटून देणाऱ्या टूलने दिल्या तिथेच."

"प्रोजेक्ट करताना बोर्ड निवडलास, की नुसती चिप?"

मी गप्प. ताईंनी पर्स परत खुर्चीवर ठेवली.

प्रोसेसर आणि फाय यांना जोडणाऱ्या आरएमआयआयमध्ये डेटाच्या दोन तारा जायला, दोन यायला, आणि ५० मेगाहर्ट्झचं घड्याळ दोघांना मिळून एकच. यायच्या पिनांना या चिपवर दुसरी जागाच नाही, म्हणून ऐकणं आपोआप जमलं होतं. जायच्या तिघींना, म्हणजे डेटाच्या दोन आणि 'आता पाठवतोय' सांगणारी टीएक्स-एनेबल, मात्र प्रत्येकी दोन जागा. टीएक्स-एनेबल पीबी११ किंवा पीजी११ वर, टीएक्सडी० पीबी१२ किंवा पीजी१३ वर, टीएक्सडी१ पीबी१३ किंवा पीजी१४ वर. टूलने पीबी११, १२, १३ अशा ओळीने भरून टाकल्या आणि मी न बघता ओके दाबलं. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा जातात पीजी११, पीजी१३ आणि पीबी१३ ला. म्हणजे तिघींतली एक बरोबर होती, तीही नशिबाने.

ताईंनी स्कोपचा, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब कडेच्या हेडरवर पीबी११ ला लावला, ट्रिगर जुळवला. थांबलो. आणि पडद्यावर एक चौकोनी उंचवटा उठला, जेमतेम पावणेसहा मायक्रोसेकंदांचा. ६४ बाइटची फ्रेम, पुढे ८ बाइटचा प्रिअँबल (सुरुवातीची खूण), १०० एमबीपीएसला बरोब्बर तेवढाच वेळ लागतो. माझं एआरपीचं उत्तर तीन तास या मोकळ्या पिनेतून हवेत जात होतं. प्रोसेसरमधल्या मॅकला, म्हणजे फ्रेम पाठवणाऱ्या भागाला, पोचपावती वगैरे काही मिळत नाही. आपल्या पिनेवर बिट ढकलले की त्याच्या हिशेबी पॅकेट गेलं.

"हे बघ तुझं पॅकेट," ताई म्हणाल्या, आणि या वेळी खरंच निघाल्या.

दोन पिना हलवल्या, दोन्हींना एएफ११ (पिनेचं इथरनेटचं काम), स्पीड सगळ्यात वरचा. बिल्ड, फ्लॅश, पिंग. रिप्लाय आला. ऑफिसात कोणीच उरलं नव्हतं, तरी मी मोठ्याने "आला!" म्हणालो. घणसोली स्टेशनला शेअर रिक्षा मिळेना, निम्मं अंतर चालत काढलं.

शुक्रवारी तुर्भ्याला तिथल्या मॅनेजरनी लॅपटॉपवरचा आलेख अर्धा मिनिट पाहिला असेल. मग डबा उलटा करून झाकणाच्या रबरावर अंगठा दाबला.

"बाकी ठीक आहे हो. आत पाणी धरणार नाही ना?"