आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत चौकशी एकच. आयर्विनला किती? १९२९ सालच्या त्या पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे, एवढंच विचारायचं असतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही तोंडपाठ.

आमच्या गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, काळही त्याच पट्टीनं मोजतात. "ते दुकान होय? ते पाचच्या पुराआधी होतं." "त्यांनी वाडा दिला तो एकोणीसनंतर." म्हणजे २००५ आणि २०१९ चे पूर. १९९८ ला सांगली-मिरज-कुपवाड एक होऊन महापालिका झाली, पण तिच्यावरून कुणी साल सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं आणि गल्लीतल्या वाड्यांची उलटी गणती सुरू झाली. मातीची भिंत दिवसेंदिवस पाण्यात राहिली की खालून फुगते. पाणी उतरल्यावर पोपडे पडतात, ऊन लागलं की भेगा. त्यात वाटेकरी चार, दुरुस्तीचे पैसे काढणार कोण? मग बिल्डर. आता खाली पार्किंग, वर फ्लॅट. पूर येणाऱ्या भागात हे शहाणपणाचंच. फक्त रस्त्याच्या पातळीला आता कुणी राहत नाही. वाड्याच्या पुढचा सोपा गेला, कट्टा गेला, रात्री जेवणं झाल्यावर दारात बसणं गेलं.

आई म्हणते, "गल्लीत माणूस उरलं नाही." मी म्हटलं, अगं, तीन चुली होत्या तिथं आठ फ्लॅट झालेत. "असतील की. दिसत्यात कुठं? गाडी आत घालायची न् लिफ्टनं वर जायचं."

समोरच्या बिल्डिंगमध्ये जतकडची एक सून आलीय. तिचं मत ऐका: "काकू, किती छान आहे इथं! गणपती मंदिर, हरभट रोड, कापडपेठ, सगळं पायी." गल्ली एकच. आणि खरं सांगायचं तर मी निम्मी तिच्या बाजूनं आहे. वाड्यांच्या नावानं उसासे टाकणाऱ्यांनी एक पावसाळा त्या ओल्या भिंतीला पाठ लावून काढावा, सामायिक संडासासमोर सकाळी बादली घेऊन उभं राहावं, मग बोलावं.

भाऊ नदीपासून लांब, विश्रामबागला राहायला गेला. त्याची तक्रार शंभरफुटी रस्त्यावरच्या ट्रॅफिकची. पुराचं नाव काढलं की म्हणतो, "तुमच्याकडचं ते."

मला खटकतंय ते वेगळंच. आमच्या जिन्याखाली वडिलांनी ऑइलपेंटनं तीन रेघा ओढल्यात. २००५ ची माझ्या गुडघ्याशी, २०२१ ची कमरेला, २०१९ ची हनुवटीला. हात जरा थरथरत असावा, शेवटची रेघ उजवीकडं चढलीय. अशा रेघा पूर्वी दर दोन-तीन घरांआड सापडायच्या. वाडे पडले तशा त्या ढिगाऱ्यात गेल्या, उरलेल्या रंगाखाली गेल्या. नव्या बिल्डिंगच्या गुळगुळीत खांबांवर कुणी काढू देत नाही. फ्लॅट विकायचे असतात ना. एजंट गिऱ्हाइकाला सांगतो, "पाणी येतं, पण पार्किंगपुरतंच."

त्या सुनेनं परवा विचारलं, पाणी नेमकं कुठवर येतं? आई काही बोलली नाही, तिला सरळ जिन्याखाली घेऊन गेली. पोरीनं वरच्या रेघेवर तळवा ठेवला, खाली जमिनीकडं बघितलं आणि म्हणाली, "मग गाडी कुठं न्यायची?"

आमच्या पिढीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवायचो. पण आईचा हिशोब तयार होता: "आयर्विनला ५० झालं की गाडी काढायची. ५२ झालं की आपण निघायचं."

हे सुनेनं लगेच तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली अंगठ्यांची रांग. मग एकानं विचारलं, विश्रामबागला गाड्या लावायला कुणाची ओळख आहे का?

आईनं भावाचा नंबर देऊन टाकला. त्याला अजून सांगितलेलं नाही.