कर्ता कोण?

'एखाद्या देशाच्या संस्कृतीवरचा कोशातला लेख चांगला लिहिलाय की नाही, हे तुम्ही ठरवता कसं?' कोशाच्या नोंदी तपासते असं सांगितलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते. शुद्धलेखन, संदर्भ, मांडणी हे सगळं बघतेच. पण पहिल्या वाचनात पेन्सिल घेऊन एवढंच करते: 'संस्कृती' हा शब्द जिथे जिथे वाक्याचा कर्ता झालाय, तिथे खूण. संस्कृती जपते, संस्कृती शिकवते, संस्कृती सामावून घेते. खुणा जितक्या जास्त, तितका लेख पोकळ.

ही सवय मला लागली ती मार खाऊन. माझी पहिली मोठी नोंद जपानी संस्कृतीवर होती. तिचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'निसर्गप्रेम, शिस्त व सौंदर्यदृष्टी यांचा सुरेख संगम असलेल्या जपानी संस्कृतीने परंपरा आणि आधुनिकता यांचा समतोल साधला आहे.' मी या वाक्यावर खूश होते. संपादकांनी नोंद परत पाठवली तेव्हा समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कोणी साधला? कधी?' आणि त्याखाली, 'जपान खोडा, दुसरा कुठलाही देश घाला. वाक्य चालतं का?' घालून पाहिला. चाललं. तिसरा घातला, तोही चालला.

चार दिवस नोंदीला हात लावला नाही. राग ओसरल्यावर काबुकीच्या परिच्छेदाकडे वळले, कारण तिथे समासात एकच अक्षर होतं. मी लिहिलं होतं, 'काबुकीत स्त्रियांच्या भूमिका पुरुष करतात, हे या पारंपरिक नाट्यकलेचे वैशिष्ट्य होय.' शेजारी: 'का?'

मला माहीत नव्हतं. शोधलं, तर निघालं ते असं. १६०३च्या सुमारास ओकुनी नावाच्या बाईने क्योतोत, कामो नदीच्या कोरड्या पात्रात, नाच आणि नकला करून दाखवल्या आणि काबुकी सुरू झाली. सुरुवातीच्या मंडळ्या बायकांच्याच. पण खेळांच्या आडून वेश्याव्यवसाय चाले, प्रेक्षकांत मारामाऱ्या होत, म्हणून १६२९ साली शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली. त्यांच्या जागी कोवळी मुलं आली. तीच भानगड पुन्हा सुरू झाल्यावर १६५२ साली त्यांच्यावरही बंदी आली. उरले प्रौढ पुरुष. त्यांच्यातूनच स्त्रीभूमिकांत मुरलेल्या नटांची, ओन्नागातांची, परंपरा घडली. म्हणजे मी 'वैशिष्ट्य' म्हणून जे मखरात बसवलं होतं, त्याच्या मुळाशी सरकारी हुकूम होता. तो परिच्छेद नव्याने लिहिला तेव्हा त्यात विशेषण एकही राहिलं नाही. काढायला लागलं नाही, त्याला जागाच नव्हती.

तेव्हापासून 'प्राचीन' हा शब्द दिसला की मी साल मागते. ज्युदो ही जपानची प्राचीन युद्धकला, असं किती ठिकाणी वाचलंय! जुन्या जुजुत्सूतून निवडून, घातक डाव वगळून ज्युदो उभा केला तो कानो जिगोरो यांनी, आणि त्यांची कोदोकान ही शाळा निघाली १८८२ साली. 'पूर्वापार' या शब्दाचंही तेच. जपानी लोक पूर्वापार मांस फारसं खात नसत, हे वाक्य खोटं नाही, पण सम्राट तेन्मू यांनी ६७५ साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला मनाई केली होती आणि १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याची बातमी मुद्दाम जाहीर झाली, ही दोन टोकं दिली की वाचकाला कळतं, की 'पूर्वापार'लाही सुरुवात असते आणि शेवटही.

आता भाषेबद्दल. मराठीत संस्कृतीवर लिहायला बसलं की काही क्रियापदं आपोआप येऊन बसतात. 'समृद्ध वारसा लाभला आहे' हे त्यातलं सगळ्यात लबाड. लाभणं म्हणजे कोणी काही केलंच नाही, आपसूक मिळालं. 'मानले जाते' तर विचारूच नका. मानणारा कोण, हे झाकायलाच त्याचा जन्म. (अभ्यासकांत खरोखर मतभेद असतील तर चालतं, पण मग दोन्ही बाजूंची नावं हवीत.) 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' हे इंग्रजीतून उचललेलं, ते दिसलं की मला पुढचा परिच्छेद न वाचताच कळतो. इंग्रजी विकिपीडियावर अशा पिसारा फुलवलेल्या शब्दांना मोराचंच नाव दिलंय, ते मला फार पटतं.

पिसं उपटली म्हणजे लेख चांगला होतो असंही नाही हं. काही जण विशेषणांना इतके घाबरतात की लेखाची शिरगणती होते: सण अमुक, वाद्यं तमुक, आणि मग युनेस्कोची यादी. जपानी आहारपद्धती, वाशोकू, २०१३ साली त्या यादीत आली. ठीक. पण वाटीत काय होतं? भात, एक सूप, तीन पदार्थ आणि लोणचं हा तिथल्या जेवणाचा जुना साचा एका ओळीत सांगता येतो. मी तपासलेल्या निम्म्या लेखांत मानाची नोंद असते, वाटी नसते.

एक गोष्ट मात्र संपादकांच्या नजरेतूनही सुटली होती. माझ्या नोंदीच्या शेवटी एक वाक्य होतं: 'उत्तरेकडे ऐनू ही आदिवासी जमातही आढळते.' सुबक वाक्य, माहिती बरोबर, कर्ताही माणसंच. बऱ्याच वर्षांनी वेगळ्याच कामासाठी तो खंड उघडला आणि क्रियापदावर अडखळले. आढळते. पक्षी आढळतात, खनिजं आढळतात. वरच्या सगळ्या पानांत 'जपानी लोक' लिहितात, बांधतात, नाचतात, आणि ऐनू आढळतात. १८९९ ते १९९७ एवढा काळ त्यांच्यासाठी जो वेगळा कायदा लागू होता, त्यात त्यांना शेतकरी करून जपानी समाजात मिसळून टाकण्याचा बेत होता. मूळनिवासी म्हणून कायद्याने त्यांना मान्यता मिळाली ती थेट २०१९ साली. यातलं पहिलं तरी मला तेव्हा लिहिता आलं असतं. त्यांची युकार ही मौखिक महाकाव्यं तरी यायला हवी होती, म्हणजे ऐनू निदान गायले असते.

दुरुस्तीसाठी वेगळा कागद करून ठेवलाय. पण तो खंड पुन्हा छापला गेला नाही, त्यामुळे ऐनू तिथे अजून आढळतातच.