सहाशे तीसचा फरक

३१ ऑक्टोबर, रात्री साडेदहा

आज गुणाकार चुकला. खरे तर गुणाकार बरोबर होता. कच्च्या कागदावरून वहीत उतरवताना उत्तराच्या शेवटच्या ९२७ चे मी २९७ केले. एवढीच गोष्ट, पण संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

दरवर्षी या तारखेला मी ७६१८३८२५७२८७ ला १९३७०७७२१ ने हाताने गुणते. १९०३ साली याच दिवशी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी चकार शब्द न काढता फळ्यावर दोनाचा सदुसष्टावा घात काढला, त्यातून एक वजा केला, शेजारी हा गुणाकार मांडला आणि दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आल्यावर ते जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. ही एकवीस अंकी संख्या मूळ नाही, हे फ्रेंच गणिती ल्युका यांनी १८७६ मध्येच दाखवले होते. अवयव मात्र कोणाच्या हाती लागले नव्हते आणि ते शोधण्यात म्हणे कोल यांचे तीन वर्षांचे रविवार गेले. मला ते आयते मिळालेले. आठ ओळी मांडून बेरीज करायची, त्यातही सातची ओळ, ५३३२८६७८०१००९, तीनदा तीच. तरी चुकले.

त्याहून लागले ते हे की, नवाचा ताळा पाहून मी निर्धास्त झाले. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज शेवटी १ वर येते, उत्तराचीही आली, आणि मी चहा ठेवायला उठले. अंकांनी जागा बदलल्या तरी बेरीज बदलत नाही, हे मला कोणी सांगायला हवे होते? दिवसअखेरचा फरक नवाने भागला गेला की कुठेतरी आकडे उलटे पडलेत असे समजायचे, हे बँकेत नव्या मुलींना मीच शिकवत असे. आजचा फरक ६३०, म्हणजे नऊ गुणिले सत्तर. अकराचा ताळा घेतला तेव्हा बाकी सहा यायला हवी होती, ती तीन आली. दादांचेही आधी आकड्यांपासूनच सुरू झाले होते. ते आज नको.

फ्रेंच गणिती मर्सेन यांनी १६४४ मध्ये दोनाच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या मूळ संख्यांची यादी दिली, तीत ही एकवीस अंकी संख्याही घातली. पुढे दोनाचा एकसष्टावा घात उणे एक ही संख्या मूळ निघाली, जी त्यांच्या यादीत नव्हतीच, तेव्हा ६१ च्या जागी चुकून ६७ पडले असावे, असा तर्क काहींनी केला. तो खरा असेल तर कोल यांचे सगळे रविवार कोणाच्या तरी एका चुकलेल्या अंकापायी गेले म्हणायचे. ती चूक धरायला दोनशे बत्तीस वर्षे लागली. माझी चार तासांत सापडली.

वहीत खाडाखोड केलेली नाही. चुकीच्या अंकांवर एकच आडवी रेघ मारली, वर ९२७ लिहिले आणि बँकेतल्यासारखी शेजारी छोटी सही केली. पानाखाली तपासणाऱ्याच्या जागी मागच्या सगळ्या वर्षांत यांची सही आहे. ती जागा मोकळीच ठेवली.