नऊ माणसांचा गाळा

"गेल्या पाच वर्षांत आपल्या उद्योगातील कामगारांची संख्या वाढली, घटली की तेवढीच राहिली?"

"तेवढीच. नऊ. लिहा," गाळ्याचे मालक, ज्यांना मी काका म्हणते, म्हणाले. चहाचा ग्लासही त्यांनी खाली ठेवला नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या रोड नंबर १६ जवळचा गाळा. खाली लेथ मशीनचा आवाज, वर पोटमाळ्यावर आम्ही दोघं, मध्ये माझी प्रश्नावली. मी एका संशोधन संस्थेत काम करते. लघुउद्योग का वाढतात, का वाढत नाहीत आणि सरकारी मदतीचा त्यात नक्की हात किती, हा आमच्या प्रकल्पाचा विषय. त्यासाठी वागळे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले इंजिनीअरिंगचे छोटे कारखाने निवडले होते. नावं लघुउद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीच्या यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखी काढलेली. त्यात काकांचा गाळा निघाला.

एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची आणि तिची सुरुवातच वागळेपासून झाली. त्यामुळे इथे उद्योगांच्या दोन-तीन पिढ्या एकाच रस्त्यावर दिसतात. जिथे मोठ्या कंपन्यांची शेड होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या मागच्या बाजूला अजून असे गाळे. काकाही अशाच एका मोठ्या कंपनीत टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे होते. कंपनी बंद पडली तेव्हा हिशेबाचे पैसे मिळाले, त्यातून त्यांनी एक जुना लेथ घेतला. हे सगळं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. लेथ कुठल्या मेकचा होता यावर मात्र बराच वेळ बोलले.

पुढचा प्रश्न अडचणींचा होता. भांडवल, जागा, वीज, कुशल कामगार, बाजारपेठ, सरकारी परवानग्या. यांतल्या सर्वांत मोठ्या तीन निवडा.

"यातली एकही नाही."

असं उत्तर सहसा मिळत नाही. लोक निदान जीएसटीवर तरी बोट ठेवतात. मी जरा खोदून विचारलं. कर्ज? तारणाशिवाय कर्जाची हमी देणारी योजना २००० सालापासून आहे, ती माहीत होती. बँकेचा माणूस वर्षातून एकदा स्वतःच विचारायला येतो म्हणाले. दहावा माणूस घेतला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा लागू होतं, म्हणून नऊवर थांबलात का? आमच्या प्रकल्पप्रमुखांचा हा लाडका सिद्धान्त आहे. काका हसले. "ईएसआयचं काय घेऊन बसलात मॅडम, ते कधीचं भरतोय. पंधरा माणसं होती माझ्याकडे एकदा. एकदा लागू झालं की माणसं कमी झाली तरी सुटत नाही ते."

पंधराची नऊ का झाली, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि त्यांचा फोन वाजला.

महापेची एक पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी होती. पॅकिंग मशीन बनवणारी. त्यांना कुठल्याशा पुरवठादाराने ऐनवेळी दगा दिला होता आणि स्टेनलेस स्टीलचे सहाशे रोलर चार दिवसांत हवे होते. माल पार्टीचाच, ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ड्रॉइंग पाहिलं, दोनदा मोठं करून टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते वाचलं आणि "पाठवा" म्हणाले.

माझ्या प्रश्नावलीत दोनच पानांपूर्वी त्यांची 'स्थापित क्षमता' भरलेली होती. त्या आकड्याने हे काम चार दिवसांत होणं शक्य नव्हतं. मी तसं म्हटलं.

"इथे कुठे सगळं करायचंय?" ते म्हणाले आणि फोन लावायला लागले. पहिला फोन, "किती मोकळा आहेस?" दुसरा, "मिलिंगला खाच आहे, बारा एमएमची, गुरुवारी सकाळी माल येईल." तिसरा ग्राइंडिंगवाल्याला. चौथा रबाळ्याला, बफिंगसाठी, म्हणजे चकाकी आणायला. कुठेही नमस्कार-चमत्कार नाही. पाऊण तासाच्या आत काम वाटलं गेलं होतं आणि आमचा चहा अजून कोमट होता.

"येताय बघायला? मला नमुन्याचा पीस द्यायला जायचंच आहे."

नियमाप्रमाणे मुलाखत गाळ्यातच पूर्ण करायची असते. मी प्रश्नावली पिशवीत टाकली आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसले.

पहिला गाळा त्याच कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला. मालक चाळिशीचा, हात कूलंटने भिजलेले. काकांना बघून म्हणाला, "शेठ, गुरुवारी नाही, शुक्रवारी सकाळी लावतो." मग रेटवरून जुंपली. काकांनी पीसमागे दोन रुपयांसाठी अशी घासाघीस केली की मला वाटलं, आता हे काम इथे होत नाही. झालं. निघताना मी सहज विचारलं, शेठ का म्हणता? तर तो म्हणाला, "त्यांच्याकडेच शिकलो ना. सात वर्षं होतो. हे मिलिंग मशीनही त्यांचंच, जुनं. पैसे कामातून वळते केले."

दुसरा गाळा किसननगरच्या बाजूला, ग्राइंडिंगचा. तोही काकांकडचाच, आधी हेल्पर म्हणून आलेला. तिसरा २२ नंबर सर्कलजवळ, दोन लेथ आणि दोन भाऊ. त्यातला थोरला काकांचा जुना सेटर, मशीन कामाला लावून देणारा. रबाळ्याच्या बफिंगवाल्याला मी भेटले नाही, पण तो कोण असणार हे एव्हाना विचारायची गरज नव्हती.

पंधराची नऊ का झाली, याचं उत्तर मी न विचारताच माझ्यासमोर फिरत होतं. रबाळ्याचा धरून या चार गाळ्यांत मिळून किती माणसं आहेत, हे मी विचारून घेतलं. काकांच्या नऊ जणांच्या दुपटीहून जास्त भरली.

परत येताना एका टपरीवर थांबलो. तिथे त्यांनी जे सांगितलं ते मी लगेच वहीत उतरवून घेतलं, म्हणून बहुतेक शब्द त्यांचेच आहेत. "पंधरा होते तेव्हा मी मशीनवर नव्हतो, माणसांवर होतो. कोण आला, कोण नाही, कोणी पीस खराब करून भंगारात टाकला. रात्रपाळी ठेवली तर मी रात्री इथेच. मग मिलिंगवाला म्हणाला, शेठ, मला स्वतःचं करायचंय. म्हटलं कर, पण माझं काम आधी. तेव्हापासून त्याच्याकडून येणारा पीस मी मोजून घेतो, तपासून घेत नाही. खराब झाला तर त्याच्या खिशातून जातो, मग तोच तपासतो."

इथे मला तारापूर आठवलं. आमच्या क्षेत्रात एक अभ्यास फार गाजलेला आहे. तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांना निकोलस ब्लूम हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या सल्लागार कंपनीकडून फुकट व्यवस्थापन शिकवलं. दर्जाच्या नोंदी, सुताच्या साठ्याचा हिशेब, मशीनची वेळेवर देखभाल, असल्या साध्या गोष्टी. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली मला जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे: गिरणी किती मोठी होणार हे बरंचसं मालकाच्या घरात पुरुष किती आहेत यावर ठरत होतं. बाहेरच्या माणसावर विश्वास टाकायचा नाही, मग भाऊ आणि मुलगे संपले की वाढही संपते. काकांना दोन मुली आहेत. एक ऐरोलीत सॉफ्टवेअरमध्ये, दुसरी लग्न होऊन पुण्याला. गाळ्याकडे दोघी फिरकत नाहीत. त्या अभ्यासाच्या हिशेबाने इथे वाढ खुंटायलाच हवी होती आणि आमच्या तक्त्यातही ती खुंटलेलीच दिसत होती. पण या माणसाने विश्वासाचा प्रश्न गाळ्याच्या आत सोडवलाच नव्हता. त्याने तो भिंतीपलीकडे ढकलला होता, नव्या गाळ्यात, नव्या नावाने.

(आमच्याकडे 'वेगाने वाढणारा उद्योग' ओळखायला ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेची व्याख्या वापरतात: सलग तीन वर्षं सरासरी २० टक्क्यांहून जास्त वार्षिक वाढ, आणि सुरुवातीला निदान १० कामगार. नऊ माणसांचा गाळा या शर्यतीत उभाही राहू शकत नाही.)

टपरीवरच मी दुसरा एक हिशेब काढला, आणि माझ्या मते त्या दिवसाचं खरं धन तेच. शनिवारी संध्याकाळी काका या चौघांचे त्या आठवड्याचे पैसे देतात. पार्टी मात्र काकांना नव्वद दिवसांनी देते, कधी त्याहून उशिरा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं २००६ चा कायदा सांगतो. आता तर मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. काकांना हे सगळं पाठ होतं. "तक्रार टाकली तर व्याज मिळेल. पुढचं काम कोण देणार, तुम्ही?" तेव्हा नव्वद दिवसांचा तो मधला भार काका स्वतःच्या पैशातून उचलतात. नवं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन घ्यायला ठेवलेले पैसे असे चार गाळ्यांत फिरत असतात. बँक त्याला खेळतं भांडवल म्हणेल. त्या चौघांपैकी एकालाही बँकेने दारात उभं केलं नसतं, तेव्हा त्यांच्यासाठी तीच बँक. आणि काकांच्या ताळेबंदात त्याचं नाव 'येणे'.

परत गाळ्यावर येऊन मी राहिलेले प्रश्न विचारले. नवोपक्रम: गेल्या तीन वर्षांत नवं उत्पादन किंवा नवी प्रक्रिया आणली का? "नाही हो. इनोव्हेशन वगैरे मोठ्या कंपन्यांचं." मी मिलिंगवाल्याकडे एक फिक्स्चर पाहिलं होतं. एका वेळी चार पीस बांधून खाच काढायचं. आधी एकेक बांधावा लागे. ते कुणाचं डोकं? काका म्हणाले त्याचं, आणि तो दुपारी म्हणाला होता शेठचं. ग्राइंडिंगवाल्यानेही त्यावरून स्वतःसाठी एक बनवून घेतलं होतं. उद्योगाला स्वतःला नवी असली तरी ती प्रक्रिया नवोपक्रमात धरायची, असं आंतरराष्ट्रीय मोजमापाचे नियम सांगतात. मी 'होय'वर खूण केली. काकांना ती अजिबात पटली नाही. "उगीच खोटं कशाला लिहिता?"

संध्याकाळी ऑफिसात आमच्या सांख्यिकीच्या सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एकक कोणतं धरायचं? एक गाळा की पाचही मिळून?" प्रश्न बरोबर होता. आपली सगळी मदत एका नोंदणी क्रमांकाला मिळते. अनुदान, हमी, व्याजसवलत, सगळं. सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५ कोटींवरून १० कोटी झाली. काका आधीही सूक्ष्म होते, आताही आहेत, आणि त्या चार गाळ्यांचं काय हे त्या मर्यादेला कळायचं कारण नाही. जॉबवर्क जीएसटीत सेवा धरलं जातं आणि २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे दोन भावांचा तो गाळा आमच्या कुठल्याच यादीत सापडला नाही. एका भागातल्या उद्योगांच्या गटासाठी क्लस्टर योजना आहे, त्यात सामायिक सुविधा केंद्र मिळतं, पण त्यासाठी सगळ्यांनी मिळून कंपनी किंवा तशी एखादी संस्था स्थापन करायची असते. काकांना हे सुचवलं होतं तेव्हा ते म्हणाले, "भागीदारी केली असती तर आज एकमेकांशी बोलत नसतो."

माझं मत मी सरांपुढे मांडलं आणि अजून तेच आहे: वागळेत गाळा वाढत नाही, गाळे वाढतात. आणि ते एकमेकांपासून स्कूटरच्या अंतरावर असतात तोवरच वाढतात. भाडं परवडत नाही म्हणून ग्राइंडिंगवाला उद्या भिवंडीला गेला, तर ते चार दिवसांचं काम सहा दिवसांचं होईल आणि महापेची पार्टी दुसऱ्याला फोन करेल. एखाद्या काचेच्या इमारतीखाली किती गाळे गेले, हे कुठल्याच उद्योगवाढीच्या अहवालात येत नाही.

सर म्हणाले, एका गाळ्यावरून एवढं बोलू नकोस. आधी प्रश्न घालून बघू. म्हणून प्रश्नावलीत नवा प्रश्न आला: 'आपल्याकडे काम केलेल्या कोणी स्वतःचा उद्योग सुरू केला आहे का? असल्यास, आज त्यांच्याशी व्यवहार आहे का?'

तो पहिल्यांदा विचारला रबाळ्याच्या एका कारखान्यात. तिथले मालक खुर्चीतून अर्धे उठलेच. "केला ना! माझी पार्टी घेऊन पळाला. ड्रॉइंगसकट. त्याच्याशी कसला व्यवहार? कोर्टात भेटतो तेवढाच." मग दहा मिनिटं ते त्याच्यावरच बोलत होते, आणि त्या माणसाचा कारखाना आता यांच्याहून मोठा आहे हे बोलण्याच्या ओघात निघालं. उत्तराच्या रकान्यात मी 'होय' आणि 'नाही' अशा दोन्ही खुणा केल्या. सरांनी त्यासाठी तिसरा रकाना काढायला घेतला आहे. त्याला नाव काय द्यायचं यावर आमचं अजून जमलेलं नाही.