बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

गेल्या डिसेंबरात माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला आमच्याकडे आली होती. पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरू लागला होता आणि निफाड भागातले बागायतदार द्राक्षांच्या घडांना ऊब मिळावी म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवत असल्याच्या बातम्या रोज वर्तमानपत्रात येत होत्या. अशा थंडीत दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी येणार म्हटल्यावर माझ्या ऐंशी वर्षांच्या आईने आठ दिवस आधीच खोलीची तयारी केली. खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या बसवल्या, दाराला जाड पडदा लावला आणि माळ्यावरची लोखंडी शेगडी उतरवून घासूनपुसून ठेवली. बाजेखाली निखाऱ्यांचा शेक, दोन वेळा ओवा, बाळंतशेपा आणि वेखंडाची धुरी, शिवाय रात्री डासांसाठी वेटोळ्याची अगरबत्ती (कॉइल), असा सगळा बंदोबस्त झाला. त्यात माझाही हात होता, कारण माझे स्वतःचे बाळंतपण याच रीतीने झाले होते.

घरी आल्यानंतर चौथ्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, डोकं फार जड झालंय आणि मळमळतंय." बाळंतपणाचा थकवा असेल असे मला वाटले. मात्र मी तिच्याजवळ अर्धा तास बसले, तसे माझेही कपाळ ठणकू लागले, आणि मग मला शेगडीची शंका आली. मी बाळाला उचलून बाहेरच्या खोलीत नेले, मुलीला हात धरून आणले, शेगडी अंगणात ठेवली आणि खिडकीच्या चिंध्या ओढून काढल्या. मोकळ्या हवेत तासाभरात आम्हा दोघींचे डोके उतरले. डॉक्टरांना फोनवर सारे सांगितले तेव्हा त्यांनी बाळाला आणि बाळंतिणीला लगेच तपासून घेतले आणि बंद खोलीत पुन्हा निखारे ठेवायचे नाहीत, असे निक्षून सांगितले. तो प्रसंग थोडक्यात निभावला, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेगडीबद्दल आपली फसगत कशी होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. लाकडाला धूर असतो, तो डोळ्यांना झोंबतो आणि आपण आपोआप दार उघडतो. लालबुंद फुललेल्या कोळशाला धूर जवळजवळ नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. प्रत्यक्षात कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग असतो ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, गळून जाणे, पेंग येणे ही त्याची पहिली लक्षणे असतात, आणि बाळंतिणीच्या बाबतीत ती सहज थकव्यावर ढकलली जातात. एकाच खोलीतल्या दोन माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आधी सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि कारणाचा विचार मागाहून करावा. तान्हे बाळ तर काही सांगूही शकत नाही. मोठे माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेते आणि नवजात बाळ चाळीस ते साठ वेळा घेते, त्यामुळे खोलीत जे काही असेल ते त्याच्या वाट्याला जास्त येते.

हीच गोष्ट न्हाणीघरातल्या गॅस गिझरची आहे. थंडीत आपण न्हाणीघराची झडप बंद करतो, कढत पाण्याखाली बराच वेळ उभे राहतो आणि गिझर त्याच कोंडलेल्या हवेत जळत असतो. अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात येतात. आमचा गिझर आत होता. त्या प्रसंगानंतर आठवड्याभरात आम्ही तो मागच्या उघड्या गॅलरीत बसवून घेतला आणि भिंतीतून फक्त पाण्याची नळी आत आणली. ज्यांच्याकडे तो अजून न्हाणीघरात आहे, त्यांनी हे काम पुढच्या थंडीवर ढकलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेगडी गेल्यावर विजेचा हीटर आला. त्याने कार्बन मोनॉक्साइडचे भय संपले, परंतु चार-पाच दिवसांत मुलीचे ओठ उलले, हातांची कातडी ताणल्यासारखी झाली आणि आईच्या नडग्यांवर पांढरी सालपटे दिसू लागली. हीटर हवेतले पाणी शोषून घेतो, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण तसे होत नाही. थंड हवेत बाष्प मुळातच कमी मावते. दहा अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 9 ग्रॅम बाष्प राहू शकते, तर पंचवीस अंशांना सुमारे 23 ग्रॅम. पहाटेची दवाने ओथंबलेली हवा घरात घेऊन पंचवीस अंशांपर्यंत तापवली, की बाष्प तेवढेच राहते, मात्र हवेची तहान वाढते आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, चाळीस टक्क्यांवर येते. दुपारची हवा तर आमच्याकडे आधीच कोरडी असते. मी एक लहानसा आर्द्रतामापक आणून बाजेजवळच्या कोनाड्यात ठेवला, तेव्हा हीटर चालू असताना त्यावर 29 टक्के दिसले. ही तहान हवा मग ओठ, डोळे, नाकाची आतली बाजू आणि कातडी यांतून भागवते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्यांचे लिंपण असते. ते लिंपण शाबूत असेल तोवर आतले पाणी आत राहते. कढत पाणी आणि साबण त्यावरच घाला घालतात. त्वचेचा सामू (पीएच) साधारण पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो, आणि नेहमीच्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा असतो. म्हातारपणी तैलग्रंथी मंदावतात, म्हणून आईच्या नडग्या सर्वांआधी फुटतात, आणि रात्री पांघरुणाच्या उबेत त्यांना अशी खाज सुटते की ती झोपेत ओरबाडून घेते. तान्ह्या बाळाचा हा थर मोठ्या माणसापेक्षा पातळ असतो. त्याच्या मनगटांवर आणि घोट्यांवर सालपटे निघाली तेव्हा मी घाबरले होते, पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असे होणे स्वाभाविक असते, असे डॉक्टरांनी सांगितले.

न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंशी मात्र मला बोलावे लागले. त्या बाळाच्या अंगावर डाळीच्या पिठाचा गोळा फिरवून लव काढत असत आणि पाणी इतके कढत घेत, की बाळ लालबुंद होऊन बाहेर येई. मी त्यांना म्हटले, "मावशी, तुमच्या हातची मालीश हवीच आहे, पण पीठ नको आणि पाणी कोमट ठेवा." त्या दोन दिवस नाराज होत्या. लव काही महिन्यांत आपोआप झडते, आणि त्यासाठी नाजूक कातडी घासण्याचे काहीच कारण नाही. पाणी कोपराला सुखद कोमट लागावे, आंघोळ पाच-सात मिनिटांत आटपावी, पंच्याने घासण्याऐवजी टिपावे, आणि अंग अजून थोडे ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावावे. वाळून गेलेल्या कातडीवर नुसते तेल चोळले, तर कोंडून ठेवायला आत पाणीच उरलेले नसते. मोठ्यांसाठीही माझा हाच क्रम आहे.

तेलांबद्दल मी माझे मत सांगते. बाळासाठी आम्ही खोबरेल वापरले. चोवीस अंशांखाली ते थिजते, म्हणून रोज दहा वाजता बाटली अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायची आणि वितळली की आत आणायची, असा नेमच झाला होता. मोहरीचे तेल नाजूक त्वचेला झोंबते, म्हणून ते टाळले. मुलीच्या ओठांना आणि आईच्या नडग्यांना साध्या पेट्रोलियम जेलीने जो उतार पडला, तो महागड्या सुगंधी क्रीमने पडला नाही. सुगंधी द्रव्येच पुष्कळदा उललेल्या कातडीची चरचर वाढवतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, परंतु कोरड्या हवेत त्यावर जेलीचे किंवा तेलाचे झाकण हवे. आईचे माहेर वेंगुर्ल्याचे असल्याने टाचांसाठी आमच्या घरी भिरंडेल असते. कोकमाच्या बियांतून काढलेले हे पिवळट पांढरे तेल मुठीत वळलेल्या घट्ट गोळ्याच्या रूपात मिळते. पळीत थोडेसे कोमट करून ते भेगांत भरायचे आणि वर सुती मोजे घालून झोपायचे, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेगांच्या कडा मऊ पडतात. भेगेतून रक्त येत असेल, लस वाहत असेल किंवा मधुमेह असेल, तर मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

आता पुन्हा हवेकडे येते. 29 टक्के पाहून माझ्या मनात आर्द्रता वाढवणारे यंत्र आणावे असे आले होते. मग मी हिशेब मांडला. दहा बाय दहाच्या खोलीत साधारण 28 घनमीटर हवा असते. वीस अंशांना तिची आर्द्रता तीसवरून पन्नास टक्क्यांवर न्यायला सुमारे 100 ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटी पाणी पुरते. फटींतून हवा बदलत राहते, म्हणून प्रत्यक्षात काही पट जास्त लागते, तरी तेवढे पाणी बाळाच्या घरात आधीच असते. मी धुऊन पिळलेले लंगोट आणि दुपट्यांपैकी निम्मी संध्याकाळी खोलीतल्या दोरीवर टाकू लागले, हीटर रात्रभर न ठेवता निजण्याआधी तासभर लावू लागले, आणि काटा 42 ते 46 च्या दरम्यान स्थिरावला. साठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, कारण मग भिंतींना बुरशी धरते. मुंबईत किंवा कोकणपट्टीत तर बाष्पाचा तुटवडा सहसा नसतोच, आणि तिथे खोलीत कपडे वाळवणे उलट त्रासाचे होईल.

खिडकी कधी उघडावी, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो. त्यामुळे शेकोट्यांचा, पालापाचोळ्याचा आणि वाहनांचा धूर सकाळी उशिरापर्यंत वस्तीतच रेंगाळतो. "सकाळची शुद्ध हवा" म्हणून आपण सहा वाजता खिडक्या उघडतो, तेव्हा तीच हवा दिवसातली सर्वांत धुरकट असण्याची शक्यता असते. ऊन चढून जमीन तापली, की झाकण मोडते आणि धूर वर विरतो. म्हणून आमच्याकडे अकरा ते चारच्या दरम्यान समोरासमोरची दार-खिडकी दोन वेळा पंधरा-वीस मिनिटे सताड उघडी असे आणि तेवढा वेळ बाळ दुसऱ्या खोलीत असे. दुपारची हवा कोरडी असते हे खरे, परंतु कोरड्या हवेवर तेलाचा उपाय आहे आणि छातीत गेलेल्या धुरावर असा उपाय नाही, म्हणून मी स्वच्छ हवेच्या बाजूने आहे. रात्रीसाठी वरच्या झडपेची एक फट आम्ही कायम उघडी ठेवली.

डासांची अगरबत्ती पहिल्याच आठवड्यात बंद झाली. एक अगरबत्ती पूर्ण जळेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते, ते 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असे एका अभ्यासात आढळले आहे. तिच्याऐवजी बाजेला मच्छरदाणी बांधली.

राहिली धुरी, आणि तिच्याबद्दल आईशी बोलणे मला सर्वांत जड गेले. तिने स्वतःची पाच बाळंतपणे आणि माझी दोन या धुरीच्या वासात काढली आहेत. धुरीवर टोपली पालथी घालून त्यावर बाळाची दुपटी ऊब धरण्यासाठी ठेवणे, हे तिच्या दृष्टीने मायेचे काम होते. "ओल्या कपड्यात गुंडाळणार का पोराला?" असे तिने मला विचारले, आणि तिची काळजी अगदी रास्त होती. शेवटी असे ठरले, की धुरी तुळशीपाशी अंगणात घालायची आणि दुपटी गच्चीवर उन्हात तापवायची. आई अकरा वाजता काठी टेकत गच्चीवर जात असे, एकेक दुपटे उलटवत तीनपर्यंत तिथेच ऊन खात बसत असे, आणि खाली येताना ती उबदार चळत छातीशी धरून आणत असे.