सॅजिटल फ्लेअर कोणी घेतला?

परवाची केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय, एमएसचा संशय आलेली (मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या नसांच्या आवरणावर उलटते तो आजार). मी एमआरआय टेक्निशियन, जिल्ह्याच्या गावचं सेंटर, दीड टेस्लाचं मशीन.

चिठ्ठीवर फक्त 'एमआरआय ब्रेन प्लेन, हेडेक'. निम्म्या चिठ्ठ्या अशाच येतात, दोन ओळी जास्त लिहायला डॉक्टरांचं काय जातं देव जाणे. पेशंट तिशीच्या आतली. फॉर्म भरताना विचारलं, आधी कधी हातपाय बधीर झाले, डोळ्याला त्रास? तर नवरा म्हणतो, "अहो आपण डोक्याचा काढायला आलोय ना, डोळ्याचं कशाला?" मग ताईच म्हणाल्या की गेल्या वर्षी उजव्या डोळ्याला धुरकट दिसायचं, डोळा फिरवला की दुखायचा, काही आठवड्यांनी आपोआप गेलं पण लाल रंग त्या डोळ्याला अजून फिका दिसतो. एमएसमध्ये डोळ्याच्या नसेला सूज येते तेव्हा असंच होतं.

पिशवीत जुना एमआरआय होता, दुसरीकडे काढलेला. रिपोर्टमध्ये 'नॉन-स्पेसिफिक ठिपके, मायग्रेनमुळे असू शकतात'. आता हे चूक म्हणावं तर तसंही नाही, पाच एमएमचे आडवे स्लाइस, मध्ये गॅप, त्यावर कोण काय सांगणार. मायग्रेनमध्ये ठिपके दिसतात, बीपीवाल्यांत दिसतात, वयानेही दिसतात.

आमच्या आडव्या फ्लेअरवर (मेंदूतले डाग उठून दिसतात तो सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा एक प्रकार) व्हेंट्रिकलला, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला चिकटून पांढरे ठिपके दिसले तेव्हा मी न विचारता थ्रीडी सॅजिटल, म्हणजे बाजूने उभ्या कापांचा फ्लेअर लावला, एक एमएमचा. सहा मिनिटं जास्त, तेवढा वेळ पेशंटने मान हलवायची नाही, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना पॅड नीट घट्ट बसवले, इथे हयगय केली की सगळं पाण्यात. आणि चित्र आलं ते बघतच राहिलो. कॉर्पस कॅलोझमच्या (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा) खालच्या कडेपासून वर निघालेली लांबट बोटं, व्हेंट्रिकलला काटकोनात, कारण सूज तिथल्या बारीक शिरांच्या कडेने पसरते. डॉसन्स फिंगर्स म्हणतात त्यांना, जेम्स डॉसनने 1916 मध्ये हे लिहून ठेवलं, तेव्हा एमआरआय कुठला! एक ठिपका पॉन्समध्येही, म्हणजे मेंदूच्या देठात होता.

रेडिओलॉजिस्ट सरांचा लगेच फोन, "सॅजिटल फ्लेअर कोणी घेतला?" मला वाटलं आता बोलणी बसणार, तर म्हणाले कॉन्ट्रास्ट द्या. किडनीसाठी क्रिएटिनिन बघितलं, गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्टचं औषध, ताजी सूज असेल तिथे चमकतं) दिलं, पाच मिनिटं थांबून परत स्कॅन. दोन ठिपके चमकले, एकाची कडा अर्धवट, उघड्या कड्यासारखी, बाकीचे गप्प. आपल्याकडे चमकणारं कडं दिसलं की आधी टीबीची गाठ नाहीतर सिस्टिसर्कोसिस (मेंदूत जंताच्या अळ्यांची गाठ) आठवतं, पण त्यात कडं बहुतेक पूर्ण असतं. आणि चमकणारे न चमकणारे एकत्र म्हणजे नवे जुने एकाच वेळी, एमएस ओळखायच्या 2017 च्या मॅकडोनाल्ड निकषांत याला वजन आहे. अर्थात एमएस म्हणायचं काम न्यूरोलॉजिस्टचं, बाकीचे आजार बाजूला काढून.

ताईंनी बाहेर आल्यावर विचारलं, "काही निघालं का?" मी ठरलेलं उत्तर दिलं, रिपोर्ट डॉक्टर सांगतील. ते बरोबरच आहे, पण ताईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं.

मला सतावतंय ते हे की सगळं फॉर्मवरच्या गप्पांवर ठरलं. त्या दिवशी ड्युटीला दुसरा कोणी असता तर? सर म्हणाले रूटीन ब्रेनमध्ये हा सिक्वेन्स कायमचा टाका. मॅनेजमेंट म्हणतं, पेशंटमागे सहा मिनिटं वाढतात, दिवसाचे दोन स्लॉट जातात.